चौकातल्या उलट्या फेऱ्या

(भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले काही "म्हणजे", "ॲक्च्युअली" काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग थोडा लांबणार आहे. लोकलमध्ये असाल तर जागा पकडून घ्या, भांडी घासत असाल तर चालू द्या.

स्पेनहून परत आल्यापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारी कधी मावसबहीण असते, कधी ऑफिसातली मैत्रीण, एकदा तर चक्क आमचे फॅमिली डॉक्टर होते. आवाज जरा खाली घेऊन, आजूबाजूला बघून विचारतात, "तिकडे सगळं ओपन असतं ना गं?"

यात त्यांची चूक नाही. आपल्या पिढीचं स्पेन म्हणजे २०११ चा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'. बुन्योलची टोमॅटोची होळी, पाम्प्लोनाचे बैल, आणि फार खटपट न करता प्रेमात पडणारी माणसं. मीसुद्धा सांगलीहून पुण्याला स्पॅनिश शिकायला गेले त्यात त्या सिनेमाचा वाटा होताच, खोटं कशाला बोलू. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये मी सालामांकाला मास्टर्ससाठी गेले आणि चार वर्षं राहिले.

तर "ओपन असतं का?" याचं उत्तर "हो" आहे. फक्त मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो कुणी विचारत नाही: कधीपासून? कारण आपण मनात असं धरून चाललेलो असतो की गोरे लोक पहिल्यापासूनच असे. स्पेनच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. माझ्या शेजारी एक आजी राहायच्या. तो सगळा बदल त्यांच्या एकट्यांच्या आयुष्यात बसतो.

आधी माझी फजिती सांगते, मग इतिहास.

पहिल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने तिच्या मित्रमैत्रिणींशी ओळख करून दिली. बारा जण. मी नमस्काराला हात जोडले आणि समोरचा मुलगा गालाला गाल लावायला पुढे आला. दोन बेसोस, म्हणजे दोन्ही गालांवर एकेक पापी, खरं तर हवेतच. तिथे ओळख झाली की हे करायचंच. माझे जोडलेले हात आमच्या दोघांच्या मध्ये अडकले. मंडळी, बारा वेळा!

दुसरी गंमत केदारची. स्पॅनिशमध्ये 'केदार' असं क्रियापद आहे, अगदी आपल्या केदारसारखं उच्चारतात. अर्थ ठरवून भेटणं. "केदामोस?" म्हणजे "भेटायचं का?" आता यातली मेख ऐका. एखाद्या मुलाने तुम्हाला "केदामोस?" विचारलं आणि तुम्ही नटूनथटून गेलात, तर तिथे तो असतो आणि त्याच्याबरोबर अख्खी पलटण असते. 'डेट' या शब्दाला तिथे रोजच्या वापरात चपखल शब्दच नाही. 'सीता' म्हणतात, पण तो डॉक्टरच्या अपॉइंटमेंटलाही चालतो. मुलगा आणि मुलगी समोरासमोर बसून मुलाखत दिल्यासारखं जेवतायत, हा प्रकार त्यांना अमेरिकन सिनेमातला वाटतो. तिथे गोष्टी घोळक्यात घडतात. चार बार फिरायचे, प्रत्येक ठिकाणी एक कान्या, म्हणजे बिअरचा छोटा ग्लास, त्याबरोबर काहीतरी चटकमटक, उभ्याउभ्याच. सालामांकात व्हान डाइक नावाचा रस्ता आहे, तिथे तर यासाठीच जातात. रात्री अकराला तुमच्या लक्षात येतं की गेला तासभर तुम्ही एकाच माणसाशी बोलताय.

त्या घोळक्याला म्हणतात पांदिया. आपला कट्टा. बालवाडीपासूनचा, लग्नानंतरही टिकणारा. बाहेरून आलेल्याला खरी अडचण इथे येते. प्रेम मिळेल एक वेळ, कट्ट्यात जागा मिळायला वर्ष जातं. ते गोड बोलतात, गळ्यात पडतात, "फोन करतो हं" म्हणतात. करत नाहीत. आणि विनोद सगळे २००४ सालच्या शाळेच्या सहलीतले. मी पहिले सहा महिने नुसती हसण्याच्या जागा ओळखायला शिकले.

त्या बारा जणांतल्या एकाशी पुढे माझं जमलं. त्याचं खरं नाव सांगत नाही. आपण त्याला केदारच म्हणू.

आता चौक. सालामांकाचा प्लाथा मायोर, म्हणजे मोठा चौक, १७२९ ते १७५५ या काळात बांधला. चारी बाजूंनी कमानी, वर सोनेरी दगडाच्या भिंती, आणि कमानींच्या वर राजे, सेनापती, लेखक यांचे दगडात कोरलेले गोल चेहरे. त्यात जनरल फ्रँकोचाही एक होता. मी जायच्या तीनच महिने आधी, जून २०१७ मध्ये, तो उतरवला. सगळं शहर भेटतं ते तिथल्या घड्याळाखाली. "घड्याळाखाली, नऊला" एवढं पुरतं. रात्री दहाला तिथे कोण असतं सांगू? फुटबॉल खेळणारी पोरं, ढकलगाडीत झोपलेलं बाळ, काठी टेकत चालणारे आजोबा, आणि मिठी मारून उभी असलेली जोडपी. सगळे एकाच ठिकाणी. पहिल्यांदा मी जोडप्यांकडे बघत होते, मग लक्षात आलं की आजोबा बघत नाहीयेत.

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात त्या आजी राहायच्या. १९४५ चा जन्म. त्यांना मी "तू" म्हटलेलं आवडायचं, मी "उस्तेद" म्हणजे "आपण" म्हटलं की चिडायच्या. पण मराठीत सांगताना मला "त्या"च म्हणावंसं वाटतं. एकदा त्यांच्याबरोबर चौकातून जात होते. कमानींखाली थांबून त्या म्हणाल्या, "आम्ही इकडून फिरायचो, आणि मुलगे तिकडून."

मला वाटलं, वेगवेगळ्या बाजूला. तसं नव्हतं. संध्याकाळच्या फेरफटक्याला पासेओ म्हणतात. सालामांकात पासेओचा नियम असा होता की मुली चौकात एका दिशेने गोल फिरायच्या आणि मुलगे उलट दिशेने. मुली एकमेकींच्या हातात हात घालून. म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक मुलगा प्रत्येक मुलीसमोरून दोनदा जाणार. पहिल्या फेरीत बघायचं. दुसऱ्या फेरीत बघितलं नाहीसं दाखवायचं. तिसऱ्या फेरीत त्याने "आदियोस" म्हटलं तर घरी जाऊन आठवडाभर तेवढंच. हिंमत असेल तर मुलगा दिशा बदलून शेजारी येऊन चालू लागायचा. मुलगी थांबली नाही आणि हाकललंही नाही, तर समजायचं काय ते. म्हणजे स्वाइपच की, फक्त मान वळवून!

दक्षिणेत अंदालुसियात वेगळी तऱ्हा. मुलगी खिडकीच्या लोखंडी गजांच्या आत, मुलगा बाहेर रस्त्यावर, आणि तासन् तास गप्पा. याला म्हणतात 'पेलार ला पावा', म्हणजे टर्कीची पिसं उपटणं. गोष्ट अशी सांगतात की मालकिणीने मोलकरणीला टर्की सोलायला बसवली, आणि ती खिडकीत प्रियकराशी बोलत बसल्यामुळे ते काम काही संपेना. आणि जोडीला बाहेर जायचं असेल तर बरोबर एक पाठराखीण हवीच, धाकटी बहीण, आत्या, कुणीतरी. तिला नाव होतं काराबीना. शब्दशः अर्थ बंदूक.

हे सगळं ऐकताना गोड वाटतं, हो ना? मलाही वाटलं. मग मी कार्मेन मार्तीन गाइते वाचली. ही लेखिका सालामांकातच १९२५ मध्ये जन्मली. 'एन्त्रे व्हिसियोस', म्हणजे पडद्यांआडून, या तिच्या कादंबरीला १९५७ चं नादाल पारितोषिक मिळालं. छोट्या शहरात लग्नाची वाट बघत खिडकीत बसलेल्या मुली, एवढाच विषय. आणि १९८७ मध्ये तिने युद्धानंतरच्या स्पेनमधल्या प्रेमाच्या रीतींवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ते वाचल्यावर चौकातल्या त्या फेऱ्या मला तुरुंगातल्या फेऱ्यांसारख्या दिसायला लागल्या. जरा जास्तच झालं का? बघा पुढे ऐकून.

स्पेनमध्ये १९३१ मध्ये प्रजासत्ताक आलं. १९३२ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. १९३६ ते १९३९ यादवी युद्ध, फ्रँको जिंकला, आणि १९३९ मध्येच घटस्फोट रद्द. नुसता पुढचा बंद केला असं नाही, आधी झालेले घटस्फोटसुद्धा अडचणीत आले. मग पुढची छत्तीस वर्षं चर्च आणि सरकार मिळून प्रेमाचं वेळापत्रक लिहीत होते.

काही नियम सांगते. लग्न झालेल्या बाईला नोकरी करायला, बँकेत खातं उघडायला, पासपोर्ट काढायला नवऱ्याची परवानगी लागायची. हे संपलं मे १९७५ मध्ये. फ्रँको मेला २० नोव्हेंबर १९७५ ला. म्हणजे हुकूमशहाच्या शेवटच्या सहा महिन्यांत बाईला स्वतःची सही मिळाली. अविवाहित मुलगी सज्ञान व्हायची एकविसाव्या वर्षी, पण पंचवीस वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या परवानगीशिवाय घर सोडता येत नव्हतं. अपवाद मुख्यतः दोन: लग्न किंवा मठ. हा नियम गेला १९७२ मध्ये. अविवाहित मुलींना सहा महिने सक्तीची 'समाजसेवा' होती, शिवण, स्वयंपाक, बाळाची काळजी वगैरे. ती चालवायची फ्रँकोच्या पक्षाची महिला शाखा, सेक्थियोन फेमेनिना, आणि तिची प्रमुख पिलार प्रिमो दे रिव्हेरा स्वतः आयुष्यभर अविवाहित राहिली! ते प्रमाणपत्र नसेल तर पासपोर्ट नाही, ड्रायव्हिंग लायसन्स नाही.

बाईचा व्यभिचार हा गुन्हा होता, एकदा घडला तरी. पुरुषाचा तेव्हाच, जेव्हा तो दुसरीला घरात आणून ठेवेल किंवा गावभर बोभाटा होईल असं राहील. १९४४ ते १९६३ या काळात तर बायकोला परपुरुषाबरोबर पकडून जागीच ठार मारणाऱ्या नवऱ्याला शिक्षा काय होती? काही काळ त्या गावात राहायचं नाही. बस. व्यभिचाराचा गुन्हा कायद्यातून निघाला १९७८ मध्ये. सप्टेंबर २०१८ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने ४९७ कलम काढलं, तेव्हा मी सालामांकात होते. आजींना मोठ्या अभिमानाने बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, "आत्ता? आमचं चाळीस वर्षांपूर्वी गेलं." मी म्हटलं, आमच्याकडे गुन्हेगार फक्त पुरुष असायचा. त्यांनी विचारलं, "मग बाई?" मी म्हटलं, बाई म्हणजे नवऱ्याची वस्तू, वस्तूला कशी शिक्षा करणार. त्यावर आम्ही दोघी बराच वेळ हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं खरं.

आणि सगळ्यात काळं प्रकरण म्हणजे पात्रोनातो, 'स्त्री संरक्षण मंडळ'. १९४१ मध्ये सुरू झालं. 'बिघडलेल्या' किंवा 'बिघडण्याचा धोका असलेल्या' पंचवीसच्या आतल्या मुलींना नन्सच्या संस्थांमध्ये डांबायचं. धोका म्हणजे काय? रात्री उशिरा घरी येणं, नाचाला जाणं, मुलाबरोबर दिसणं. तक्रार कुणीही करावी, बापाने, शेजाऱ्याने. हे मंडळ बंद झालं १९८५ मध्ये. फ्रँको जाऊन दहा वर्षं झाली होती, नवी राज्यघटना येऊन सात! २०२५ मध्ये त्या संस्था चालवणाऱ्या धार्मिक संघांनी माद्रिदमध्ये जाहीर माफी मागितली. सभागृहात त्या काळातल्या मुली, आता म्हाताऱ्या झालेल्या, बसल्या होत्या. त्यातल्या अनेकींनी ती माफी तिथल्या तिथे ओरडून नाकारली.

आता मी तुम्हाला एका रेडिओ कार्यक्रमाबद्दल सांगणार आहे. आपण पॉडकास्टवाले, त्यामुळे हे जरा आपल्या धंद्यातलं आहे.

बार्सिलोनाहून एक कार्यक्रम लागायचा, 'एलेना फ्रान्सिसचा सल्ला'. १९४० च्या दशकाच्या शेवटी-१९५० च्या आसपास सुरू झाला आणि १९८४ पर्यंत चालला. दुपारी कामं आटोपली की बायका रेडिओला कान लावून बसायच्या. एलेना फ्रान्सिस नावाची शहाणी, प्रेमळ, मध्यमवयीन बाई पत्रांना उत्तरं द्यायची. चेहऱ्यावरचे डाग कसे घालवायचे इथपासून नवरा मारतो, काय करू, इथपर्यंत. प्रायोजक होती सौंदर्यप्रसाधनं विकणारी एक कंपनी. पत्रं लिहिणाऱ्यांत मोलकरणी, गिरणीकामगार मुली, खेड्यातून शहरात आलेल्या एकट्या मुली खूप. रेडिओवर थोडीच पत्रं वाचली जायची, बाकीच्यांना टपालाने टाइप केलेलं उत्तर यायचं. आणि ही उत्तरं ठरलेली. धीर धर. प्रार्थना कर. आईवडिलांचं ऐक. नवऱ्याला प्रेमाने जिंक. स्वतःकडे लक्ष दे, म्हणजे नीटनेटकी राहा.

पण एलेना फ्रान्सिस नावाची बाई अस्तित्वातच नव्हती. आवाज निवेदिकांचे, मजकूर पगारी लेखकांचा. १९६६ पासून रेडिओवरची उत्तरं लिहायचा हुआन सोतो व्हिन्योलो नावाचा पत्रकार. त्याचं दुसरं काम? बैलांच्या झुंजीचं समीक्षण! १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे फुटलं तेव्हा लाखो बायकांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. २००५ मध्ये बार्सिलोनाजवळ कोर्नेयामध्ये एका जुन्या शेतघरात पत्रांचा डोंगर सापडला. बरीचशी खराब झाली होती, पण हजारो वाचली आणि आता सरकारी दफ्तरात आहेत.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी आजींकडून कळलं. मार्च २०२०. स्पेनमध्ये कडक लॉकडाऊन, चौदा मार्चपासून. जिन्याच्या चौकोनात आम्ही दोघी आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसायचो. तेव्हा माझं एक त्रांगडं चाललं होतं. माझा व्हिसा संपत आला होता. केदार म्हणत होता, आपण 'पारेखा दे एचो' म्हणून नोंदणी करू, म्हणजे लग्न न करता सरकारदरबारी जोडपं, मग तुला राहता येईल. इकडे सांगलीला आईने माझं नाव एका विवाहमंडळात घातलेलं. केदारबद्दल तिला शब्द माहीत नव्हता. आणि तिथेसुद्धा, एवढ्या ओपन देशात, आमचं घोडं अडलेलंच होतं. केदार एकोणतीस वर्षांचा आणि आईवडिलांकडे राहणारा. त्यात काही विशेष नाही, तिथली मुलं सरासरी तिशी उलटल्यावर घर सोडतात, घरभाडं परवडत नाही म्हणून. त्यामुळे प्रेमाची जागा म्हणजे बागेतला बाक, पार्किंगमधली गाडी. वांद्र्याच्या बँडस्टँडवरच्या जोडप्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. तिथे फक्त पोलीस काठी घेऊन येत नाही, एवढा फरक. मोठा फरक आहे तो. आणि 'नोव्हिया' म्हणून घरी नेणं हे तिथेही गंभीर काम. दीड वर्ष केदार मला 'मैत्रीण' म्हणून नेत होता, आणि त्याची आई मला दर वेळी तितक्याच गोडपणे विचारायची, परत कधी जाणार?

तर मी आजींना विचारलं, "मी काय करू?"

त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात एक टाइप केलेलं पत्र. १९६७. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या, बार्सिलोनाला एका घरी कामाला. गावातलाच एक मुलगा, चौकात उलट्या दिशेने फिरणाऱ्यांतला, स्वित्झर्लंडला कामाला निघाला होता. त्या काळात स्पेनमधून असे लाखो लोक जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडला गेले. तो म्हणाला, चल. वडील म्हणाले, परवानगी नाही. पंचविशी व्हायला तीन वर्षं. त्यांनी एलेना फ्रान्सिसला लिहिलं. उत्तर आलं. मी ते वाचलं, पण इथे वाचून दाखवत नाही, ते पत्र माझं नाही. सांगायचं तर, थांब असं लिहिलं होतं. त्या थांबल्या. तो परत आला नाही. पुढे त्यांचं लग्न झालं, बऱ्या माणसाशी, मुलं झाली, नवरा वारला. "वाईट काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "पण मी एका बाईचं ऐकलं होतं. ती बाईच नव्हती."

माझ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. मी दोनदा विचारलं. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, "मी सल्ला देत नाही, पोरी. कॉफी देते."

मधला काळ भरभर सांगते, कारण तो तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. १९६० च्या दशकात समुद्रकिनाऱ्यांवर पर्यटक आले. ज्या किनाऱ्यांवर पूर्वी पाण्याबाहेर येताच अंगावर झगा घ्यायची सक्ती होती, तिथे बिकिन्या दिसायला लागल्या. सरकारला परकीय चलन हवं होतं, नीती थोडी बाजूला सरकली. फ्रँको गेल्यावर धरणच फुटलं. १९७८ मध्ये गर्भनिरोधकं कायदेशीर झाली, त्याच वर्षी राज्यघटना आली, १९८१ मध्ये घटस्फोट परत आला. माद्रिदच्या रात्री 'मोव्हिदा'ने जागवल्या, आल्मोदोव्हारचा पहिला मोठा सिनेमा १९८० चा. २००५ मध्ये समलिंगी विवाह, जगातल्या अगदी पहिल्या काही देशांत. ज्या देशात १९७५ पर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँक खातं उघडता येत नव्हतं, त्या देशात तीस वर्षांत!

पण सगळं सुटलं असं नाही. आपल्या सिनेमात बैल धावतात ते पाम्प्लोना. २०१६ च्या त्याच उत्सवात पाच पुरुषांनी एका अठरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. खालच्या कोर्टांनी त्याला बलात्कार म्हटलं नाही, कारण त्यांच्या मते त्यात हिंसा किंवा धमकी नव्हती. मी तिथे असताना, २०१८ मध्ये, निकालाच्या दिवशी आमच्या चौकात हजारो बायका उतरल्या. मीही होते. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तो बलात्कारच ठरवून पंधरा वर्षांची शिक्षा दिली, आणि २०२२ मध्ये कायदा बदलला: स्पष्ट होकार असेल तरच होकार. त्या गर्दीत आजीही होत्या, घड्याळाखाली. मला म्हणाल्या, या चौकात बायका एवढ्या आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकतेय.

माझं पुढे काय झालं, हे विचाराल म्हणून सांगून टाकते. मी आईला फोन करून सगळं सांगितलं. केदार, नोंदणी, सगळं. तिने फोन ठेवला. अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी फोन आला, आणि पहिला प्रश्न, "ती माणसं रात्री दहाला जेवतात म्हणे. मग झोपतात कधी?" मी तिला सांगितलं की १९४० मध्ये फ्रँकोने घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली ती अजून तशीच आहेत, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने ते आपल्याला वाटतं तेवढे उशिरा जेवत नाहीत. ती म्हणाली, "एका माणसाच्या सांगण्यावरून एवढी वर्षं?" नोंदणी आम्ही केली. वर्षभराने केदार आणि मी वेगळे झालो, भांडण न होता. कारणं आमची आमच्यापाशी. आईने "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही, कारण तिने खरंच काही सांगितलं नव्हतं.

दोन मे २०२० पासून स्पेनमध्ये फिरायला परवानगी मिळाली, पण वेळा ठरवून. सत्तरीच्या पुढच्यांना संध्याकाळी सात ते आठ. आम्हाला आठ ते अकरा. त्यामुळे मी जिना उतरायची तेव्हा आजी जिना चढत असायच्या. रोज एकदा समोरासमोर, दोघी उलट्या दिशेने. त्या मुद्दाम मान वळवून, न बघितल्यासारखं करून "आदियोस" म्हणायच्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये स्पेनच्या टिकटॉकवर एक खूळ आलं, तुम्ही पाहिलं असेल. मेर्कादोना या सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी सात ते आठ या वेळेत जायचं, ट्रॉलीत अननस उलटा ठेवायचा, म्हणजे तुम्ही जोडीदार शोधताय. वाइनच्या रांगेत जायचं, आणि कुणी आवडलं तर ट्रॉलीला ट्रॉली धडकवायची. मी लगेच आजींना व्हिडिओ कॉल केला. त्या एकोणऐंशीच्या. म्हटलं, ऐकलंत का?

"ऐकलं?" त्या म्हणाल्या. "काल जाऊन आले."

अननस घेतला होता का, विचारलं. घेतला होता म्हणे, पण सरळ ठेवला. नुसतं बघायचं होतं. मुलं-मुली ट्रॉल्या घेऊन रांगांमधून गोल गोल फिरत होती, काही इकडून, काही तिकडून, आणि कुणीच कुणाला धडकत नव्हतं. शेवटी कंटाळून यांनीच एका मुलाची ट्रॉली ढकलून एका मुलीच्या ट्रॉलीवर आदळली.

"आणि मग?"

"मग काय, पळाले. अननस तिथेच राहिला."